मेण न प्यालेली गुंडाळी

मी बोलतेय, पण गिटार नव्हे हं. सगळे तिलाच बघतात. तिचा लाल रंग, तिची शिंगं, तिचा लांब गळा. मी तिच्या पोटात, तारांच्या खाली, एका काळ्या डबीत बसलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. इथे लिमा शहरात मला पास्तिया म्हणतात, म्हणजे वडी. वडी तर वडी! पण मी नसले, तर ती लाल महाराणी म्हणजे नुसती फळी. तिच्यावर कांदा चिरावा.

रागावून बोलतेय असं वाटेल तुम्हाला. रागच आहे. थोडा राग आणि बरंचसं दुःख.

माझा जन्म ला विक्तोरिया भागातल्या एका दुकानात झाला. साबिनो मामाचं दुकान. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, जळलेलं काहीही आणा, मामा नवी तार भरून द्यायचा. तार भरायचं काम खरं तर त्याची भाची करायची, नेलिदा. तेवीस वर्षांची, आवाज असा की रस्त्यापलीकडचा न्हावी दचकून वस्तरा खाली ठेवायचा. पण हात मात्र हलके. केसाहून बारीक तार बोटांच्या चिमटीतून सोडताना ती श्वाससुद्धा धरून ठेवायची.

एका ऑक्टोबरात एक मुकी झालेली गिटार दुकानात आली. या शहरात पाऊस पडत नाही, पण समुद्रावरून येणारं खारं धुकं भिंती खातं, खिळे खातं आणि गिटारीच्या पोटातली तारही खातं. जुनी गुंडाळी कुजून तुटली होती. नेलिदाने ती काढून टाकली आणि सहा लोहचुंबकांभोवती नवी तार गुंडाळायला घेतली. एका हाताने यंत्राची मूठ फिरवायची, दुसऱ्याने तार सोडायची. सात हजार आठशे वेढे. ती मोठ्याने मोजत होती आणि मध्येच मामाशी भांडतही होती, त्यामुळे शंभरेक इकडे तिकडे झाले असतील. ती मी.

आता गुंडाळी भरली की तिला गरम मेणात बुडवायचं असतं. वेढ्यांमधली हवा बुडबुडे होऊन निघून जाते, मेण आत शिरतं, थिजतं आणि सगळे वेढे एकमेकांना घट्ट धरून बसतात. मेण नसेल तर वेढे थरथरतात आणि आवाज वाढवला की गुंडाळी किंचाळते. मामाने त्यासाठी मेणबत्त्यांची थोटकं एका डब्यात जमवून ठेवली होती.

पण ऑक्टोबर म्हणजे इथे जांभळा महिना, प्रभूचे भक्त महिनाभर जांभळे झगे घालतात. त्या दिवशी प्रभूची मिरवणूक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आली. धुपाचा वास दुकानात शिरला, अख्खी गल्ली धावली. नेलिदाने जांभळा झगा घातलाच होता. तिची आई मागल्या वर्षी गेली होती आणि तिच्या नावाने लावायला घरात एकही मेणबत्ती नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, तो डबा उचलला आणि पळाली. सगळी थोटकं तिने आईच्या नावाने रस्त्याच्या कडेला लावून टाकली.

परत आली तेव्हा डोळे लाल आणि डबा रिकामा.

"मेण पाजलंस का गं तिला?" मामाने विचारलं.

"पाजलं की!" असं म्हणून तिने माझ्याभोवती काळा दोरा करकचून गुंडाळला, वर झाकण ठोकलं आणि मला गिटारीत बसवलं. आईच्या नावाने जाळलेल्या मेणापायी ती मामाशी धडधडीत खोटं बोलली. माझ्या वाटणीचं मेण असं तिच्या आईपाशी गेलं. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिटारीचा मालक आला. फौस्तिनो. डोंगरातून, मांतारो नदीच्या खोऱ्यातून आलेला, बेकरीत पीठ मळणारा. पोरगा देखणा, पण आवाज म्हणाल तर नाही म्हणण्याइतकाच. समोर बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागे, काय म्हणालास? रविवारी मात्र तो 'मांतारोचे काजवे' नावाच्या वाद्यवृंदात वाजवायचा आणि तिथे त्याच्या वतीने बोटं बोलायची.

मामाने दुकानातल्या स्पीकरला तार जोडली. फौस्तिनोने गिटार मांडीवर घेतली, कान तारांपाशी नेला आणि एकेक तार लावू लागला. नेलिदा समोर उभी राहून पंख्याची मोटार पुसत होती. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटला.

आणि स्पीकरमधून, पत्र्याच्या नळीतून यावा तसा, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा आवाज आला, "काय हात आहेत! असल्या हातांची बायको मिळाली पाहिजे."

मग मामा एवढा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. न्हावी रस्ता ओलांडून आला. फौस्तिनो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, गिटार ठेवून पळायच्या बेतात होता.

नेलिदाला मात्र लगेच कळलं काय झालंय ते. मेण नाही. वेढे मोकळे आहेत. माणूस जवळ बोलला की थरथरतात. तिची चूक अशी भर दुकानात बोलली होती. ती पुढे आली, गिटारीवर वाकली, तोंड माझ्यापाशी आणलं आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आधी सूप पिऊन जा. निवतंय!"

बाहेर कुत्री भुंकायला लागली. असं लग्न जमलं त्यांचं. माझ्यामुळे. आता मला गर्व झाला तर तुम्ही नावं ठेवू नका.

मी काम कसं करते ते सांगते, कारण लोकांना वाटतं आवाज लाकडातून येतो. लाकूड आपलं नाव मिरवतं. माझ्या पोटातले सहा चुंबक वरच्या पोलादी तारांना धरून असतात, न शिवता. तार छेडली की ती थरथरते, चुंबकाची ती पकड हलते आणि माझ्या वेढ्यांतून विजेची एक बारीकशी लहर धावते. अगदी बारीक, मुंगीलाही कळायची नाही. ती लहर दोन बटणांतून जाते. एक आवाज कमीजास्त करतं, दुसरं धार कापतं, चिंचेच्या पाण्यात गूळ टाकावा तसं. मग दोरीतून आवाज मोठा करणाऱ्या पेटीत जाते, तिथे तिचा हत्ती होतो आणि स्पीकरचा कागद ढकलून ती हवेत येते. मी गिटारीच्या शेपटीकडे बसलेय म्हणून माझा आवाज टोकदार आहे. गळ्याजवळ बसते तर गोल, आळशी झाला असता. पुढे पायाने दाबायची एक पेटी आली, आवाजाला माणसासारखं वाँव वाँव करायला लावणारी. कानामागून आली आणि तिखट झाली! लोक तिच्यावरच टाळ्या वाजवायला लागले. पण तिला खायला काय मिळायचं? मी दिलेलं.

आणि नायलॉनच्या तारा लावा माझ्यावर, ब्रसुद्धा काढणार नाही मी. मला पोलादच कळतं. पोलाद, आणि मेण न प्याल्यामुळे, माणसाचं बोलणं.

वीसेक वर्षं आम्ही वाजवलं. मोकळ्या मैदानात तंबू, बिअरची खोकी, डोंगर सोडून आलेली माणसं. फौस्तिनो त्यांची डोंगराकडची गाणी वाजवायला लागला की ती नाचता नाचता रडायची. मी ते रडणं फार वेळा पाहिलं आहे. आवाज चढला की मी किंचाळायचे, हे मान्य. अचानक, उंच, कानात सुई घातल्यासारखी. बास गिटार वाजवणारा इलारिओ प्रत्येक वेळी शिव्या हासडायचा.

"अरे, मेण पाज ना त्या भवानीला एकदा! माझे दात शिवशिवतात."

"बघू," फौस्तिनो म्हणायचा.

"दहा वर्षं बघतोयस!"

"बघू."

मेण का पाजायचं नाही, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. कारण घरी माझा उपयोग निराळा होता. तो मागच्या खोलीत सराव करत बसला, की नेलिदा स्वयंपाकघरातून हाका मारत बसायची नाही. तरातरा यायची, गिटारीवर वाकायची आणि माझ्या तोंडात ओरडायची, "फौस्ती, सूप निवतंय!" भांडण झालं की दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत, माझ्याशी बोलायची. "याला सांग, मीठ संपलंय." "हिला सांग, माहीत आहे मला." त्याच्या बारीक आवाजाला माझ्यामुळे धीर यायचा. कधी ती रुसून दार लावून बसली, तर तो पेटी पूर्ण वाढवून हळूच म्हणायचा, "नेलिदा, चुकलं माझं," आणि ते शेजारच्या तीन घरांना कळायचं. ती हसत दार उघडायची.

त्यांचा मुलगा पर्सी याच आवाजात लहानाचा मोठा झाला. त्याने दुसरी गिटार घरात पाहिलीच नाही. त्याला वाटायचं, सगळ्याच गिटारींतून माणसाचं बोलणं येतं. चुलीतून धूर यावा तसं. हे त्याला कुणी सांगायलाच हवं होतं, पण सांगणार कोण? रोज डोळ्यांपुढं असतं त्याबद्दल घरात कोण बोलतं?

मग नेलिदाच्या पोटात गाठ निघाली. जास्त सांगत नाही, मला सांगवत नाही. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणावर इतकुशी झाली होती, पण जीभ तशीच.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही जायची नाही, बघ," ती फौस्तिनोला म्हणाली. "एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, सगळ्यांचे लोक दफनभूमीत येतील, बँडवाले आणतील. तू ही गिटार आण. तुझा आवाज बारीक, मातीखाली मला काय घंटा ऐकू येणार? हिच्यातून हाक मार."

"मारीन."

"काय? पुन्हा बोल."

त्याने गिटार उचलली, वाकला आणि माझ्यातून म्हणाला, "मारीन." ती डोळे मिटून हसली. ती मार्चमध्ये गेली.

त्यानंतर सात महिने फौस्तिनोने मला हात लावला नाही. गिटारीच्या खोक्यात पडून होते मी पलंगाखाली. वर तो कूस बदलायचा ते कळायचं. ऑक्टोबर लागला तेव्हा त्याने पर्सीला एवढंच सांगितलं, "नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला गिटार न्यायची आहे आईकडे. ती वाट बघत असेल."

पर्सी चांगला मुलगा आहे. हे मला मुद्दाम सांगायचंय. तीनचाकी चालवतो, बापाच्या औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवतो. त्याला आठवलं की आईच्या आवडीच्या गाण्यात, अगदी वरच्या सुराला, गिटार नेहमी किंचाळायची आणि बाबा ओशाळायचे. थडग्यापाशी, सगळ्या नातेवाइकांसमोर असं व्हायला नको. म्हणून बापाला न सांगता त्याने मला उचललं आणि शहरातल्या एका मोठ्या कारागिराकडे नेलं. आनिबाल नाव त्याचं. दुकान चकाचक.

आनिबालने झाकण उघडलं आणि शीळ घातली. "अरे देवा! हिला मेणच पाजलेलं नाही. कुणी केलंय हे? कुणा आंधळ्याने?"

"माझ्या आईने," पर्सी म्हणाला.

"हं... म्हणजे वेढे सुरेख आहेत, हात छानच. पण मेण राहून गेलंय. म्हणून किंचाळते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग पूर्ण करा ना. तिचं राहिलेलं काम पूर्ण होईल."

ते ऐकून त्याच्यावरचा माझा सगळा राग गळून गेला. कुणावर रागवायचं? मला ओरडायचं होतं, अरे बाबा, नको! एकदा तुझ्या बापाला विचार! पण आम्ही गुंडाळ्या स्वतःहून एक शब्द बोलू शकत नाही. दुसऱ्याचं पुढे पोचवायचं, एवढंच आमच्या हाती.

मेण गरम होतं. मला बुडवलं आणि माझ्यातून बुडबुडे निघायला लागले, एक, दोन, मग खूप. सव्वीस वर्षं माझ्या वेढ्यांच्या मधे नेलिदाच्या दुकानातली हवा होती. धुपाचा वास असलेली. ती सगळी वर गेली. मग बुडबुडे थांबले. आनिबाल म्हणाला, "झालं," आणि मला बाहेर काढलं.

पहिल्या तारखेला डोंगरावरच्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. धूळ, फुलं, तळलेल्या डुकराचा वास, मेलेल्यांसाठी आणलेले बाळाच्या आकाराचे पाव, दर दहा पावलांवर कुणीतरी वाजवतोय. पर्सीने तीनचाकीतून बॅटरी आणि पेटी वर चढवली. इलारिओही आला होता, बासशिवाय, नुसता बिअरची बाटली घेऊन. पहिला घोट त्याने नेलिदाच्या मातीवर ओतला. "घे गं बाई. आज तरी नवऱ्याला टोमणे मारू नकोस."

फौस्तिनो छोट्या स्टुलावर बसला आणि तिचं गाणं वाजवायला लागला. काय सांगू! मी इतकी स्वच्छ कधीच वाजले नव्हते. वरचा सूर आला, पर्सी श्वास रोखून बघत होता, आणि सूर काचेसारखा उभा राहिला. किंचाळी नाही. आजूबाजूची माणसं थांबून ऐकायला लागली. एका म्हातारीने शालीने डोळे पुसले.

"बघितलंत बाबा?" पर्सी आनंदाने ओरडला. "मी नीट करून आणली. आईसाठी!"

फौस्तिनोने मान डोलावली. नेमकं काय नीट केलंय ते त्याला कळलं नव्हतं. गाणं संपलं, त्याने पेटीचा आवाज वाढवला, गिटारीवर वाकला, ओठ तारांपाशी आणले.

"नेलिदा," तो म्हणाला.

मी ऐकलं. शब्द येऊन माझ्यावर आदळला. पण मेणाने माझा एकेक वेढा आवळून धरला होता, हलताच येईना. स्पीकरमधून नुसता हवेचा सूंऽऽ आवाज येत राहिला.

त्याने बटण पूर्ण फिरवलं. पुन्हा वाकला. "नेलिदा, मी आलोय."

काहीच नाही. शेजारच्या थडग्यावर ट्रंपेट वाजत होतं.

"दोरी निसटली असेल," पर्सी म्हणाला. त्याने दोरी काढून घातली, तार छेडली, झण्ण. चालू तर आहे. मग तो स्वतः खाली वाकला आणि लहानपणी ओरडायचा तसा माझ्यापाशी ओरडला, "आई!"

सूंऽऽ.

पर्सी तसाच वाकलेला राहिला. त्याला ते मेणाचं भांडं आठवलं असणार, ते बुडबुडे. तो सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "बाबा," तो म्हणाला, "मला वाटलं सगळ्याच गिटारी... बाबा, मला खरंच माहीत नव्हतं."

इलारिओने बाटली खाली ठेवली. वीस वर्षांचं 'बघू' त्याला त्या क्षणी कळलं असावं. तो टोपी काढून उभा राहिला.

फौस्तिनोने गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग त्याने पर्सीच्या मानेवर हात ठेवला. "छान केलंस. वरचा सूर तिने ऐकला, बघ. ती म्हणायचीच, हा सूर एकदा तरी धड लागू दे." एवढं बोलून त्याने मला बाजूला ठेवलं, गुडघ्यावर बसला, मग पोटावर झोपला आणि तोंड त्या मातीला लावून काहीतरी बोलत राहिला. ट्रंपेटच्या गोंगाटात कुणालाच ऐकू आलं नाही. तिला तरी आलं का, मला माहीत नाही.

आता मी मागच्या खोलीत भिंतीवर असते. पर्सी आनिबालकडे पुन्हा जाऊन आला. आनिबाल म्हणाला, आत थिजलेलं मेण परत निघत नाही, काढायला गेलं तर तारच तुटेल. पर्सीला वाजवायला शिकायचं आहे, पण माझ्याकडे बघताना त्याचे डोळे खाली जातात. त्याला कुणीतरी सांगा हो, माझा त्याच्यावर राग नाही. आणि तुमच्या घरात एखादी वस्तू किंचाळत असेल, तर ती गुपचूप नीट करून आणू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, ही का किंचाळते म्हणून.

फौस्तिनो दुपारी दोन वाजता स्वतःपुरतं सूप करतो. दोन ताटल्या मांडतो, मग एक परत फळीवर ठेवतो. रोज मला भिंतीवरून काढतो, पेटी चालू करतो, वाकतो आणि बोलतो. बाहेर काही येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी बोलतो. मी ऐकते, सगळं ऐकते, आणि ते माझ्यातच राहतं.

आजही वाकला होता. म्हणाला, "नेलिदा, सूप निवतंय."